घरी ब्रेड मेकर घेण्यात अर्थ आहे का?

आठवड्यातून दोन-तीनदा घरी ब्रेड लागत असेल तर जरूर घ्या. कधीतरी हौस म्हणून करणार असाल तर नको, साधा ओव्हन पुरतो. माझ्याकडे हे मशीन नेहमीच्या वापरात आहे, त्यावरून सांगते: त्याचा खरा फायदा भाजण्यात नाही, मळण्यात आहे. ब्रेडचं पीठ ताणल्यावर न फाटता पातळ पडद्यासारखं पसरायला हवं, आणि हाताने तिथवर पोचायला दहा-पंधरा मिनिटं चांगला जोर लावावा लागतो. मशीन ते करतं, शिवाय पीठ फुगायला लागणारी ऊबही देतं. म्हणून मी बहुतेक वेळा फक्त ‘डो’ प्रोग्रॅम लावते (पीठ मळून फुगवण्यापुरता, साधारण दीड तास) आणि ब्रेड ओव्हनमध्ये भाजते. कड खरपूस होते, मशीनच्या मळणाऱ्या पात्यामुळे ब्रेडच्या तळाला पडणारं भोकही टळतं. सगळं मशीनमध्येच करायचं तर तीन-चार तास धरा. साहित्य मात्र वजनकाट्यावरच मोजा: 500 ग्रॅम मैद्याला 310 ते 320 ग्रॅम पाणी, कणकेला थोडं जास्त. रात्रभराचा टायमर लावणार असाल तर दूध-अंडी अजिबात घालू नका, तासन्‌तास बाहेर राहून खराब होतात.