"व्हय साहेब" म्हणजे नेमकं काय?

"मॅडम, मी दहा वेळा सांगतो, सगळे हो म्हणतात आणि करतात मात्र आपल्याच मनाचं." हे वाक्य मी महिन्यातनं दोन-तीनदा तरी ऐकते. कधी बँकेतला ऑफिसर असतो, कधी बचतगटाची अध्यक्ष, कधी कुपवाड एमआयडीसीतला फोरमन. यावेळी समोर होता बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजचा सुपरवायझर, तिशीच्या आतबाहेरचा (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात). सांगलीत विश्रामबागला माझ्या खोलीत शिरला तोच मोबाईल पुढं धरून, पुरावा दाखवायला.

पुरावा म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुप. याचा मेसेज, "परवाचं वक्कल बाहेर काढून ठेवा." (वक्कल म्हणजे एका शेतकऱ्याच्या मालाचा लॉट.) खाली चार अंगठे आणि मुकादमाचं "व्हय साहेब". दुसऱ्या दिवशी सौद्याच्या वेळेला बघतो तर बाहेर भलत्याच शेतकऱ्याचे बॉक्स, आणि ज्याचा माल लागायचा तो माणूस तासगावकडनं सकाळीच येऊन बसलेला आणि त्याचा माल आत थंडीत, मग आरडाओरडा, मालकाचा फोन, सगळं झालं. "मुद्दाम करतात मॅडम, मी वयानं लहान आहे ना."

मी मेसेज परत वाचला आणि मला हसूच फुटलं, खरं तर आमच्या समुपदेशनाच्या धंद्यात असं हसायचं नसतं. परवाचं म्हणजे कुठलं हो? याच्या डोक्यात परवा आलेलं वक्कल, मुकादमाच्या डोक्यात परवाच्या सौद्याला लागणारं. आपल्या भाषेत मागचा परवा आणि पुढचा परवा एकच, बोलताना हातवारे असतात, मागचापुढचा संदर्भ असतो म्हणून निभावतं, मेसेजमध्ये हात नसतात.

क्लॉड शॅनन म्हणून एक गणिती इंजिनिअर होता, 1948 साली त्यानं संदेश कसा जातो याचं मॉडेल मांडलं, पाठवणारा, मार्ग, मधला गोंगाट, घेणारा. कम्युनिकेशनच्या ट्रेनिंगमध्ये ते हमखास दाखवतात, पण एक गोष्ट बहुतेकजण सांगतच नाहीत, की तो टेलिफोन कंपनीत काम करत होता आणि सिग्नल पलीकडं नीट पोचला का एवढाच त्याचा प्रश्न होता, अर्थाचं त्यानं स्पष्टच बाजूला ठेवलं होतं. ते चार अंगठे म्हणजे तेवढंच. सिग्नल पोचला. आपण त्याला "समजलं" धरतो, आणि वर "पटलं, करतो" असंही धरतो.

मी त्याला टेनेरिफची गोष्ट सांगितली. 1977, स्पेनच्या बेटावरचं विमानतळ, धुकं, एकाच धावपट्टीवर दोन जम्बो विमानं. एक पायलट म्हणाला आम्ही आता टेक-ऑफला आहोत, कंट्रोलरला वाटलं टेक-ऑफच्या जागेवर उभे आहेत, तो म्हणाला ओके. पुढचं "थांबा, मी सांगतो" हे रेडिओच्या शिट्टीत बुडालं. विमानं एकमेकांवर आदळली, 583 माणसं गेली. त्यानंतर नुसतं ओके चालेना, महत्त्वाची सूचना पायलटनं परत म्हणून दाखवायची यावर जोर आला.

गडी खूश. दुसऱ्या दिवशी जाऊन साठीच्या मुकादमाला सगळ्यांसमोर म्हणाला, "आता मी काय सांगितलं ते परत सांगा." मुकादम म्हणाला, "मला काय शाळंत बसवलाय व्हय?" आणि दोन दिवस कामावर आलाच नाही. चूक माझी होती. पायलटला ते नियमात आहे, इथं मात्र वडलांच्या वयाच्या माणसाची तोंडी परीक्षा झाली. वाक्य फिरवायचं होतं, "काका, मी सांगण्यात काय गडबड केली का बघा, तुम्ही कुठला माल काढणार?" म्हणजे चूक निघाली तर सांगणाऱ्याची निघते.

पण मला खरं कोडं वेगळंच होतं, इतकी वर्षं माल हाताळणाऱ्या माणसाला शंका आलीच नसेल? म्हटलं, चिडायचं नाही, चहा पाजा आणि विचारा. विचारलं तर मुकादम म्हणाला, "आलीती की शंका. पण मागं एकदा विचारलं तवा तुम्ही समद्यांम्होरं म्हनलासा, एवढं बी कळत न्हाई व्हय."

मला हे सांगताना सुपरवायझर मोबाईल उलटा करून टेबलावर ठेवून बसला होता. मी पण काही बोलले नाही.

नंतर तीन वेळा आला. मेसेजमध्ये आता वक्कल नंबर आणि तारीख टाकतो, परवा शब्द बंद. शेवटच्या वेळी मात्र हसतच आत शिरला. सकाळी गडबडीत तोंडातनं गेलंच होतं, परवाचं काढा म्हणून, आणि पलीकडनं मुकादम सगळ्या हमालांसमोर मोठ्यानं ओरडला, "साहेब, मागला का म्होरला?"