बाबांचा काचबिंदू: घरचं मशीन, शीर्षासन आणि रात्रीचा थेंब

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. अकोल्यात राहणाऱ्या बाबांचं वय ६२. चष्म्याचा नंबर तपासायला गेले तेव्हा उजव्या डोळ्याचं प्रेशर २६ आणि डाव्याचं २४ निघालं. फील्ड टेस्टमध्ये (समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं ही तपासणी) उजव्या डोळ्याला थोडा दोष दिसला, कोन, म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट, उघडा आहे असं डॉक्टरांनी सांगितलं आणि दोन्ही डोळ्यांत रात्री लॅटानोप्रॉस्टचा, म्हणजे दाब उतरवणाऱ्या औषधाचा, एकेक थेंब सुरू केला. आता प्रेशर १७ आणि १६ आहे. घरी प्रेशर मोजायचं मशीन घ्यावं का, आणि योग, आहार, चालणं नीट केलं तर थेंब बंद होतील का, हे तुम्हाला हवंय. बाबा रोज सकाळी शीर्षासन करतात हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझ्या मते तुमच्या प्रश्नातली सर्वांत तातडीची गोष्ट तीच आहे.

मी डॉक्टर नाही. आईला काचबिंदू होता, मलाही आहे, आणि बरीच वर्षं मी हे औषध, या तपासण्या आणि त्यामागची काळजी घेऊन जगते आहे. त्यामुळे जे लिहिते ते पेशंटच्या बाजूने.

थेंब बंद होतील का? सवयींच्या जोरावर नाही. हे सुरुवातीलाच सांगते, कारण घरोघरी हाच विचार होतो आणि त्यात नजर जाते. काचबिंदूत डोळ्यामागची नस झिजते आणि गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूसारखं ऑपरेशन करून पुन्हा स्वच्छ दिसायला लागलं, असं इथे होत नाही. आज तरी सिद्ध झालेला उपाय एकच, तो म्हणजे डोळ्यातला दाब उतरवणं. स्वीडनमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की दाब एका आकड्याने उतरला तरी आजार पुढे सरकण्याचा धोका साधारण १० टक्क्यांनी कमी होतो. बाबांचा दाब २६ वरून १७ वर आलाय, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश उतरलाय. ही फार चांगली कमाई आहे आणि ती त्या रात्रीच्या थेंबाची आहे. चालण्याने, ध्यानाने, झोपेच्या पद्धतीने त्यात थोडी भर पडते. थेंबाची जागा ती घेऊ शकत नाही.

थेंबांचं ओझं खरंच वाटत असेल तर डॉक्टरांना लेझरबद्दल विचारा. एसएलटी नावाचं लेझर असतं, दवाखान्यात बसल्या बसल्या काही मिनिटांत होतं. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात नव्याने निदान झालेल्यांना आधी लेझर दिलं होतं आणि त्यांच्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांना तीन वर्षांनंतरही थेंबाशिवाय हवा तो दाब राखता आला. बाबांच्या डोळ्याला ते योग्य आहे का हे कोन तपासणारे डॉक्टरच ठरवतील, पण विचारायला काहीच हरकत नाही.

आता शीर्षासन. ते आजपासून बंद करायला सांगा. डोकं खाली आणि पाय वर असताना डोळ्यातला दाब जवळजवळ दुप्पट होतो. हे आपल्याकडेच, चेन्नईत, योग करणाऱ्या लोकांवर मोजलं गेलंय आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालंय. आसन सोडल्यावर दाब खाली येतो हे खरं, पण आधीच दुखावलेल्या नसेवर रोज सकाळी काही मिनिटं इतका भार का टाकायचा? सर्वांगासन, हलासन, विपरीत करणी यांनाही तोच नियम लावा. सूर्यनमस्काराबद्दल लोक मला नेहमी विचारतात. त्यातल्या पर्वतासनात डोकं खाली जातं आणि त्या स्थितीतही दाब चांगलाच वाढल्याचं दिसलंय. काही सेकंदच थांबत असतील तर प्रश्न छोटा आहे, पण नस अगोदर झिजलेली असेल तर मी तरी तो भाग गाळते. ताडासन, वृक्षासन, वज्रासन, शवासन खुशाल करावीत. प्राणायामात अनुलोम-विलोम श्वास न कोंडता, शांतपणे. श्वास रोखून जोर लावणं मात्र टाळायचं, मग ते कुंभकात असो, जिममध्ये वजन उचलताना असो की बद्धकोष्ठात. तीस-चाळीस वर्षांचं आसन सोडायला सांगितलं की वडीलधाऱ्यांना वाईट वाटतं, हे मला ठाऊक आहे. तेव्हा ‘योग बंद करा’ असं म्हणू नका. कोणती आसनं चालतील ते त्यांच्यासोबत बसून ठरवा.

ध्यानाबद्दल चांगली बातमी आहे. दिल्लीच्या एम्समध्ये काचबिंदूच्या पेशंटना तीन आठवडे रोज तासभर ध्यान करायला लावलं, तेव्हा त्यांचा दाब लक्षणीय उतरला. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मात्र त्या पेशंटनी आपली औषधं चालूच ठेवली होती, हे विसरू नका.

थेंबाबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण माझ्या अनुभवात सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. चांगलं औषध गालावरून ओघळून जातं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. हात धुवायचे. खुर्चीत मान मागे टाकून बसायचं किंवा सरळ आडवं व्हायचं. खालची पापणी बोटाने हलकेच ओढली की एक खोबण तयार होते, थेंब त्यात पडायला हवा, बुबुळावर नाही. बाटलीचं टोक पापणीला किंवा केसांना लागू द्यायचं नाही. एकच थेंब. डोळ्यात मुळात तेवढीच जागा असते, त्यामुळे खात्रीसाठी टाकलेला दुसरा थेंब बाहेर येतो आणि बाटली महिन्याआधी संपते. थेंब पडला की डोळे अलगद मिटायचे, मिचकावायचे नाहीत. नाकाच्या बाजूचा डोळ्याचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. तिथून औषध नाकात आणि पुढे रक्तात जातं, ती वाट त्यामुळे बंद होते. त्वचेवर सांडलेलं लगेच पुसायचं, कारण या औषधाने पापण्यांचा रंग काळवंडतो. पुढे कधी दुसरं औषध जोडलं तर दोन थेंबांत निदान पाच मिनिटांचं अंतर ठेवायचं. टिमोलॉल (दाब उतरवणारं दुसरं एक थेंबांचं औषध) जोडायचा विचार झाला आणि बाबांना दमा असेल किंवा नाडी मंद असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगायचं. टिमोलॉल डोळ्यात टाकलेलं असलं तरी दम्याच्या माणसाला त्रास देऊ शकतं.

लॅटानोप्रॉस्टची न उघडलेली बाटली सहसा फ्रीजमध्येच ठेवायची असते. दुकानदार ती फ्रीजमधून काढून देतोय का, हे बघून घ्या. उघडल्यावर २५ अंशांपर्यंत बाहेर चालते, पण अकोल्याच्या एप्रिल-मेमध्ये घरात २५ अंश कुठून येणार? तेव्हा फ्रीजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. गार थेंबाचा आणखी एक फायदा आहे, तो डोळ्यात पडल्याचं कळतं. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा आणि सहा आठवड्यांनी उरलेली टाकून द्या.

बाबांना थेंब कधी चुकतो हे विचारताना आवाजात राग नको. लग्नाला गेले, रेल्वेत होते, झोप लागली, बाटली संपली, अशी साधी कारणं असतात. डॉक्टरांकडे जायच्या आधीच्या आठवड्यात बहुतेक पेशंट अगदी नियमाने थेंब टाकतात, मग दवाखान्यात दाब छान येतो आणि नस मात्र झिजत राहते. रात्री दात घासण्याशी थेंब जोडला की तो सहसा चुकत नाही. घराबाहेर जाताना सोबत एक जादा बाटली असावी.

आता मशीन. घरी वापरता येणारं ‘आयकेअर होम’ नावाचं उपकरण आहे. त्याची बारीक, टोकाला गोळी असलेली सळई क्षणभर डोळ्याला टेकून मागे येते. सुन्न करायचं औषध लागत नाही, दुखत नाही, एका मोजणीत ते सहा वेळा टेकतं. कपाळावर आणि गालावर टेकवायचे दोन आधार असतात, ते आपल्या चेहऱ्याला नीट जुळवून घ्यावे लागतात. हात स्थिर हवा आणि उपकरण सरळ समोर धरावं लागतं. मी ते काही दिवसांसाठी उसनं घेऊन वापरलं आहे आणि त्याने मला एक गोष्ट ठळकपणे शिकवली. दवाखान्यात सकाळी अकराला दिसणारा आकडा हा दिवसातल्या एका क्षणाचा असतो. बहुतेकांचा दाब रात्री आडवं असताना आणि पहाटे जास्त असतो आणि त्या वेळी कुठला दवाखाना उघडा असतो? दवाखान्यात दाब छान, तरी फील्ड टेस्ट बिघडत चाललेली, अशा पेशंटसाठी घरची मोजणी सोन्याच्या मोलाची आहे.

बाबांसाठी मात्र मी आत्ताच विकत घ्यायला सांगणार नाही. ते महाग आहे, सळया प्रत्येक वेळी नव्या लागतात, आणि त्यांचा दाब सध्या उतरलेला आहे. डॉक्टरांकडे किंवा एखाद्या पेशंटकडे आठवडाभरासाठी मिळालं तर जरूर घ्या. सलग चार-पाच दिवस मोजा: उठल्याबरोबर, मग दहाच्या सुमारास, दुपारी, संध्याकाळी आणि झोपण्याआधी. शेजारी थेंबाची वेळ लिहा, कुठली गोळी नवी सुरू झाली ते लिहा. पहिल्या दिवसाचे आकडे सरावाचे समजा. दवाखान्यातल्या यंत्रापेक्षा दोन-तीन आकड्यांचा फरक सहज असतो, त्यामुळे एका आकड्याने घाबरू नका. सगळा कागद डॉक्टरांच्या हाती द्या. आकडा बघून थेंब वाढवायचा किंवा वगळायचा नाही, ही अट मला फार महत्त्वाची वाटते. पापणीवरून बोटाने दाबून पाहणं किंवा मोबाईलवरची ॲप्स यांवर मुळीच विसंबू नका.

दाब मोजणं म्हणजे आजार मोजणं नव्हे. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, पातळ असेल तर यंत्र खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवतं. बाबांच्या रिपोर्टमध्ये ‘पॅकिमेट्री’, म्हणजे या पडद्याची जाडी, शोधा, साधारण ५४० मायक्रॉनच्या आसपास सरासरी असते. काहींचा दाब २१ च्या आत, म्हणजे ज्याला नॉर्मल म्हणतात तितका असूनही नस झिजते, म्हणूनच ‘नॉर्मल’पेक्षा ‘बाबांसाठी ठरवलेला दाब किती’ हे डॉक्टरांना विचारायचं. आजार खरा कळतो तो फील्ड टेस्ट आणि नसेच्या ओसीटीतून (नसेची जाडी मोजणारा स्कॅन). पहिली फील्ड टेस्ट सरावाअभावी वाईट येऊ शकते, ती दुसऱ्यांदा करून घ्यावी. सगळे कागद तारखेप्रमाणे एका फायलीत लावा. डॉक्टर बदलले, गाव बदललं, तरी ती फाईल बोलते.

रोजच्या सवयींपैकी मी मनापासून ज्या पाळते त्या सांगते. चालणं, रोज, दमेल न दमेल इतकं. पहाटे तांब्याभर पाणी एका दमात पिण्याची सवय बाबांना असेल तर ते पाणी हळूहळू, अर्ध्या तासात पसरून प्यावं, कारण एकदम लिटरभर पाणी पोटात गेलं की दाब वाढतो. डॉक्टर तपासणीसाठी मुद्दाम तसं पाणी पाजतात. चहा-कॉफी एक-दोन कप चालते. झोपताना ज्या डोळ्याचा आजार जास्त तो उशीत दाबला जाऊ नये, म्हणजे बाबांनी उजव्या कुशीवर किंवा पालथं झोपू नये. रक्तदाबाची गोळी रात्री घेत असतील तर काचबिंदू आहे हे फिजिशियनला सांगा, कारण झोपेत रक्तदाब फार उतरला तर नसेला रक्त कमी पडतं. मोठ्याने घोरत असतील, घोरताना श्वास अडकत असेल, तर तेही सांगा. पालेभाज्या खाव्यात, त्यात चांगलंच आहे. मध, कांद्याचा रस, तूप यातलं काहीही डोळ्यात घालू नये.

स्टिरॉइडबद्दल एक कळकळीची विनंती. डोळे लाल झाले की आपल्याकडे औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय थेंब आणले जातात आणि त्यात बऱ्याचदा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र होतो, म्हणून लोक तीच बाटली महिनोन्‌महिने वापरतात आणि आतला दाब चढत जातो. दम्याचा पंप, पापणीजवळ लावायचं मलम, सांध्यांतलं इंजेक्शन, यांतही स्टिरॉइड असू शकतं. ते बंद करा असं मी म्हणत नाही, पण डोळ्यांच्या डॉक्टरांना त्याची माहिती हवी. बाबांच्या पाकिटात ‘काचबिंदू आहे’ अशी चिठ्ठी ठेवा.

डोळा एकदम लाल, असह्य दुखणं, दिव्याभोवती रंगीत कडी, सोबत उलट्या, असं कुणालाही झालं तर त्याच रात्री डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं. हा बंद कोनाचा झटका असू शकतो आणि घरात तो पित्त किंवा अर्धशिशी समजून सकाळपर्यंत झोपवला जातो.

आणि तुम्ही स्वतः? तुम्ही ४० च्या आसपास असाल असं गृहीत धरते. आई-वडिलांना काचबिंदू असला की मुलांचा आणि भावंडांचा धोका कित्येक पटींनी वाढतो, आणि आपल्याकडे बहुतेकांना आजार असल्याचा पत्ताच नसतो, कारण दुखत नाही आणि एक डोळा दुसऱ्याची उणीव झाकतो. बाबांच्या पुढच्या तपासणीला जाल तेव्हा तुमच्या आणि आत्या-काकांच्या डोळ्यांचा दाब, कोन आणि नसही तपासून घ्या. नुसता चष्म्याचा नंबर काढून परत येऊ नका. बाबांची पॅकिमेट्री आणि फील्ड टेस्टचा एमडी आकडा (नजरेत सरासरी किती घट आहे ते सांगणारा) मिळाला की इथे लिहा, पुढचं बोलता येईल.