हेपॅटायटिस बी आणि सी दोन्ही पॉझिटिव्ह: सीच्या गोळ्या सुरू करायच्या आधी बीचा डीएनए करून घ्या

ताई, तुमच्या प्रश्नातलं मुख्य आधी परत लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. बाबा ५८ वर्षांचे, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी ॲडमिट केलं, ऑपरेशनआधीच्या रक्ततपासणीत एचबीएसएजी (हेपॅटायटिस बीची टेस्ट) आणि अँटी एचसीव्ही (हेपॅटायटिस सीची) दोन्ही रिॲक्टिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह निघाले, सर्जननी ऑपरेशन पुढे ढकलून घरी पाठवलं आणि ओळखीच्या फिजिशियननी सीच्या १२ आठवड्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. लिव्हरच्या तपासणीतले आकडे एसजीपीटी ४८, एसजीओटी ६२, प्लेटलेट १ लाख १८ हजार. एसजीपीटी थोडंच जास्त आहे म्हणजे लिव्हर ठीक आहे ना, गोळ्या उद्यापासून सुरू करू का, आणि बाबांचं ताट वेगळं ठेवायचं का, हे तुम्ही विचारलंय.

गोळ्या उद्यापासून नको. गोळ्या चुकीच्या आहेत असं नाही हां, पण त्याआधीची तपासणी राहिलीये आणि ती न करता सुरू केल्या तर क्वचित जिवावर बेततं. हेपॅटायटिस सी वर्षानुवर्षं हळूहळू चालणारा आजार आहे, दोन-तीन आठवडे थांबल्याने काही बिघडत नाही.

मी डॉक्टर नाही, सरकारी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सेरॉलॉजीला नोकरी केली, आता रिटायर्ड आहे. त्यामुळे रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगू शकते, औषध ठरवायचं काम लिव्हरच्या डॉक्टरांचं.

तर पहिली गोष्ट. ऑपरेशनआधी जी टेस्ट करतात ती बहुतेक ठिकाणी रॅपिड कार्डवरची असते, रेघ उठली की रिॲक्टिव्ह. ती टेस्ट चाळणी लावायला असते, तिच्यावर उपचार ठरवायचे नसतात. आधी एलायझावर (लॅबमधली जास्त खात्रीची टेस्ट) दोन्ही परत करून घ्या. आणि अँटी एचसीव्ही म्हणजे व्हायरस नाही, व्हायरस कधीतरी येऊन गेल्याची खूण आहे. सी झालेल्यांपैकी साधारण ३० टक्के लोकांचं शरीर काहीही औषध न घेता सहा महिन्यांत व्हायरस काढून टाकतं, पण अँटीबॉडी बहुतेकांची पुढे कितीतरी वर्षं पॉझिटिव्हच दाखवते. म्हणून एचसीव्ही आरएनए, म्हणजे सीचा व्हायरस आत्ता रक्तात आहे का ते, करायचाच, तो निगेटिव्ह आला तर सीच्या गोळ्यांची गरजच नाही. एचबीएसएजीचं उलटं आहे, तो व्हायरसचाच तुकडा आहे, सहा महिन्यांनंतरही तसाच राहिला तर क्रॉनिक धरतात. आणि मग राहिलेली तपासणी म्हणजे एचबीव्ही डीएनए, म्हणजे बीचा व्हायरस रक्तात किती फिरतोय ते. तुम्ही टाकलेल्या रिपोर्टांत हे दोन्ही कुठेच दिसले नाहीत.

आता हे इतकं ताणून का सांगतेय ते. हे दोन व्हायरस एकाच माणसात असले की बहुतेक वेळा सी वरचढ असतो, थोरला भाऊ घरात असला की धाकटा जसा गप्प बसतो तसा बी दबून असतो, त्याचा डीएनए अगदी कमी येतो किंवा सापडतच नाही. सीमुळे लिव्हरमधली इंटरफेरॉनची, म्हणजे व्हायरसला रोखणारी शरीराची यंत्रणा सतत जागी राहते आणि तिचाच धाक बीलाही बसतो, असं मानतात. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचे, माणूस त्या तापाने नि अशक्तपणाने बेजार व्हायचा पण ते औषध दोन्ही व्हायरसवर थोडंफार चालायचं. २०१३ च्या शेवटी सोफोसबुव्हिर आलं, मग डॅक्लाटासव्हिर, व्हेलपाटासव्हिर, आणि चित्रच पालटलं, १२ आठवडे गोळ्या घेतल्या की ९५ टक्क्यांच्या वर लोकांचा सी कायमचा जातो. पण ह्या गोळ्या फक्त सीवर चालतात, बीला हातही लावत नाहीत. सी झपाट्याने गेला की बीवरचा धाक गेला, आणि साधारण ४ ते ८ आठवड्यांत बी उसळी मारतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) ह्या सगळ्या गोळ्यांवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, तेव्हा त्यांच्याकडे अशा २४ केसेस आल्या होत्या, त्यातले दोघं गेले आणि एकाला लिव्हर ट्रान्सप्लांट करावं लागलं. गोळ्या घेतलेल्या एकूण लोकांच्या मानाने आकडा छोटा वाटेल पण एचबीएसएजी पॉझिटिव्ह असलेल्यांत साधारण चारातल्या एकाचा बी ह्या गोळ्यांनंतर वर येतो, सगळ्यांनाच त्रास होत नाही, पण ज्याचं लिव्हर आधीच थकलंय त्याला तो झेपत नाही.

म्हणून दोन्ही असलेल्या माणसाला बहुतेक लिव्हरवाले डॉक्टर सीच्या गोळ्यांबरोबर बीसाठी टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर देतात आणि सीचा कोर्स संपल्यावर निदान १२ आठवडे चालू ठेवतात. फिजिशियनना फक्त एवढंच विचारा की बीचं कव्हर द्यायचंय का. चांगले डॉक्टर ह्या प्रश्नाने रागावत नाहीत. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) जास्त असेल तर तेही सांगा, टेनोफोव्हिरचे दोन प्रकार आहेत, त्यातला जुना किडनीला जड जातो, आणि एन्टेकाव्हिरचा डोसही किडनी बघून ठरतो.

आता लिव्हर ठीक आहे का ह्यावर येते. एसजीपीटीवर इतका भरवसा ठेवू नका, लिव्हर आकसून गेलेल्या माणसाचं एसजीपीटीही नॉर्मल आलेलं लॅबमध्ये कितीदा बघितलंय. एक साधं गणित आहे, फिब-फोर म्हणतात, वय गुणिले एसजीओटी, त्याला प्लेटलेट (हजारात) गुणिले एसजीपीटीच्या वर्गमुळाने भागायचं. बाबांचे आकडे घातले तर ५८ गुणिले ६२ म्हणजे ३५९६, खाली ११८ गुणिले ६.९ म्हणजे साधारण ८१७, उत्तर ४.४. १.४५ च्या खाली असेल तर बहुतेक काळजी नाही, ३.२५ च्या वर असेल तर लिव्हरमध्ये जास्त व्रण पडलेत अशी शंका घ्यायची. शंका म्हटलंय, निदान नाही, डेंग्यूतही प्लेटलेट खाली जातात. पण एसजीओटी एसजीपीटीच्या पुढे आणि प्लेटलेट दीड लाखाच्या खाली, ही जोडी बघितली की मी तरी गप्प बसले नसते. फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) करून घ्या, तीन तास उपाशी पोटी, दुखत नाही. १२.५ केपीएच्या (कडकपणाचं माप) वर आलं तर सिऱ्हॉसिस, म्हणजे व्रण पडून लिव्हर आकसणं, असण्याची शक्यता धरतात. सोबत सोनोग्राफी, अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी). सोनोग्राफीत प्लीहा मोठी किंवा पोटात पाणी लिहिलं असेल तर तो कागद घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.

फायब्रोस्कॅनचा आकडा गोळ्यांनाही लागतो. सिऱ्हॉसिस नसेल तर सरकारी कार्यक्रमात सोफोसबुव्हिर-डॅक्लाटासव्हिर देतात, असेल तर सोफोसबुव्हिर-व्हेलपाटासव्हिर, आणि लिव्हर फारच ढासळलं असेल तर रिबाव्हिरिन जोडतात किंवा मुदत वाढवतात. आणि सिऱ्हॉसिस असला तर बीची गोळी १२ आठवड्यांनी बंद होत नाही, बहुतेक कायमची चालते. ती मधेच मनाने बंद करणं म्हणजे बीला आमंत्रण, 'आता बरं वाटतंय' म्हणून बंद केलेल्यांचे रिपोर्ट आमच्याकडे हजाराच्या एसजीपीटीने यायचे. प्लेटलेट दीड लाखाच्या खाली आहेत म्हणून अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्यात का ते एंडोस्कोपीने बघायला सांगतील, घाबरू नका.

बाबांच्या इतर गोळ्यांची यादी आधीच दाखवा, हे लोक नेमकं विसरतात. आपल्याकडे पॅन्टोप्राझोल कोणीही सकाळी चहाआधी घेतं, पण व्हेलपाटासव्हिरला पोटात आम्ल लागतं आणि ती ॲसिडिटीची गोळी ते कमी करते. हृदयाचे ठोके अनियमित म्हणून अमिओडॅरोन चालू असेल तर सोफोसबुव्हिरबरोबर ठोके धोकादायक मंदावू शकतात. टीबीच्या औषधातलं रिफॅम्पिसिन असेल तर ह्या गोळ्या चालत नाहीत. पुढे कधी कॅन्सरची केमो, रिटुक्सिमॅब किंवा बरेच दिवस स्टिरॉइड द्यायची वेळ आली तरी बी असल्याचं आधी सांगायचं, तिथेही तो असाच उठतो.

काविळीची माळ, हाताला चुना लावून पाणी पिवळं करणारे, सगळं मी आमच्याच कॉलनीत बघितलंय, माळ लांब झाली म्हणून कोणाचा डीएनए कमी झाला नाही. गुळवेलीचा काढा मात्र आत्ता खरंच नको. कोविडच्या काळात रोज गुळवेल घेणाऱ्यांत लिव्हर बिघडल्याच्या केसेस मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापल्या, आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, वाद आहे, पण दोन व्हायरस असलेल्या लिव्हरवर तो प्रयोग कशाला. दारू शून्य. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल चालतं, सिऱ्हॉसिस असेल तर दिवसाला २ ग्रॅमच्या आत, कॉम्बिफ्लामसारख्या गोळ्या नको.

ताट वेगळं करू नका. बी आणि सी जेवणातून, पाण्यातून, एका ग्लासातून पसरत नाहीत (ते ए आणि ई). रक्तातून जातात, बी शरीरसंबंधातूनही. म्हणून वेगळं ठेवायचं ते दाढीचं ब्लेड, ब्रश, नेलकटर आणि ग्लुकोमीटरची सुई. बीचा व्हायरस वाळलेल्या रक्तात सात दिवस टिकतो, म्हणून जखमेचं रक्त सांडलं तर ग्लोव्हज घालून ब्लीचने पुसायचं. आई आणि तुम्ही भावंडांनी एचबीएसएजी, अँटी एचबीएस आणि अँटी एचसीव्ही करून घ्या, लहानपणी बीची लस बहुतेक झाली नसेल कारण देशभर सगळ्या बाळांना ती २०११ च्या सुमारास मिळायला लागली. निगेटिव्ह असाल तर ०, १, ६ महिन्यांनी तीन डोस, आणि आईचं टायटर (लसीने तयार झालेल्या अँटीबॉडीचं प्रमाण) १० च्या वर गेलंय ना ते शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांत बघा. सीची लसच नाही.

हे आलं कुठून हे बाबांना १९९६ च्या ॲक्सिडेंटमध्ये चढवलेल्या रक्तावर ढकलावंसं वाटणं साहजिक आहे, रक्तपेढ्यांत सीची तपासणी देशात सक्तीची झाली २००१ मध्ये, पण उकळून वापरलेल्या सुयाही तेवढ्याच शक्य आहेत. आता ते खोदून औषध बदलणार नाही. बाबांना 'बाहेर काही केलं का' असं मात्र कोणी विचारू देऊ नका.

ऑपरेशनचं म्हणाल तर व्हायरस असणं हे नकार द्यायचं कारण नाही, सर्जननी प्रत्येक पेशंटला पॉझिटिव्ह धरूनच काळजी घ्यायची असते. पण लिव्हर किती टिकाऊ आहे हे बघून थांबणं बरोबर, पोटात पाणी असताना हर्निया शिवला तर तो परत उघडतो. त्यांनी कुठल्या कारणाने थांबवलंय ते लेखी मागा.

पैशाची काळजी लिहिली होती तुम्ही. राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून आहे, बी आणि सी दोन्हीच्या तपासण्या आणि गोळ्या त्यात फुकट. जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात 'हेपॅटायटिसचं ट्रीटमेंट सेंटर कुठे' असं विचारा, सेंटर सगळीकडे नाही पण नसेल तर जवळचं कुठलं ते सांगतात. तिथे नोंदणी झाली की व्हायरल लोडचं (आरएनए, डीएनएचं) सॅम्पल तिथूनच जातं. गोळ्या सुरू झाल्यावर दर महिन्याला एसजीपीटी आणि बीचा डीएनए कधी करायचा ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि डोळे पिवळे, लघवी गडद किंवा एकदम अन्न नकोसं झालं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए परत, तो निगेटिव्ह म्हणजे सी गेला. फायब्रोस्कॅन सिऱ्हॉसिसचा आला असेल तर सी गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी (एक रक्ततपासणी) चालूच, कॅन्सर लवकर सापडावा म्हणून.

आरएनए, डीएनए आणि फायब्रोस्कॅन आले की इथेच टाका, बाबांचं नाव आणि लॅबचा नंबर झाकून. आकडे वाचून सांगते.