बेल वाजते, आवाज येत नाही: घरच्या ॲस्टेरिस्कचं दुखणं

तुम्ही लिहिलंत ते दुखणं ओळखीचं आहे. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या घरी जुन्या लॅपटॉपवर उबुंटू, त्यावर ॲस्टेरिस्क, म्हणजे फोन एकमेकांना जोडून देणारं सॉफ्टवेअरचं एक्स्चेंज. खालून माळ्यावर फोन छान लागतो. शहापूरच्या दुकानातून वायरगार्डवरून (इंटरनेटमधून घरापर्यंत काढलेल्या खासगी बोगद्यातून) लावला की बेल वाजते, पहिला अर्धा 'हॅलो' ऐकू येतो आणि मग दोन्हीकडे चिडीचूप. तो अर्धा 'हॅलो' तुम्ही लिहिलात हे बरं केलंत, रोग तिथेच सापडतो.

बेल वाजवणं हे सिपचं, म्हणजे कॉल जुळवणाऱ्या भाषेचं काम. आवाज त्यातून जात नाही, तो आरटीपी या आवाज वाहणाऱ्या पद्धतीच्या पाकिटांतून वेगळ्या वाटेनं जातो. आणि ॲस्टेरिस्कची एक खोड आहे: फोन उचलला की तो मधून बाजूला होतो आणि दोन्ही फोनना सांगतो, 'आता तुमचं तुम्ही बघा.' एकाच वायफायवर ते खपून जातं. पण दुकानातल्या फोनचा आयपी पत्ता वायरगार्डचा, १०. ने सुरू होणारा; घरातल्या फोनचा १९२.१६८ चा. एकाला दुसऱ्याची वाट ठाऊक नाही, मग आवाज कुठं जाणार? म्हणून पीजेसिपच्या फाइलीत (ॲस्टेरिस्कमधल्या सिपच्या सेटिंगांच्या) प्रत्येक एन्डपॉइंटखाली, म्हणजे फोनच्या नोंदीखाली, 'डायरेक्ट मीडिया'ला 'नो' लिहा. काहीच लिहिलं नाही तर तो 'येस' धरतो. (मोबाइलवरून देवनागरीत टाइप करतोय, फाइलीत अर्थातच इंग्रजी अक्षरं.)

मग सगळा आवाज लॅपटॉपमधून जाईल. भार येईल म्हणून घाबरू नका. जी.७११ या नेहमीच्या आवाजाच्या साच्यात मूळ आवाज सेकंदाला ६४ किलोबिट, पाकिटांची वेष्टणं धरून ८०, वायरगार्डचं वेष्टण चढल्यावर एका दिशेला साधारण १०७. दहा वर्षांच्या लॅपटॉपलाही हे जाणवत नाही.

तरीही शांतताच असेल तर ॲस्टेरिस्कच्या कन्सोलवर 'आरटीपी सेट डीबग ऑन' द्या आणि फोन लावा. 'सेंट'च्या ओळी धावतायत आणि 'गॉट'ची एकही नाही, तर पाकिटं तुमच्यापर्यंत येतच नाहीत. मग वायरगार्डच्या इंटरफेसवर १०००० ते २०००० हे यूडीपी पोर्ट फायरवॉलमध्ये अडलेत का बघा की.

पुण्याच्या धाकट्या भावाचा मोबाइल ॲस्टेरिस्कवर रजिस्टरच होत नाही म्हणालात, त्याचा याच्याशी संबंध नाही. त्याच्या एओआरखाली (फोन कुठे सापडेल ते ठेवणाऱ्या नोंदीखाली) 'मॅक्स कॉन्टॅक्ट्स', म्हणजे किती फोनना आत घ्यायचं ते, लिहायचं राहिलंय बहुतेक. ते न लिहिता सोडलं तर शून्य धरलं जातं, म्हणजे कुणालाच आत घेत नाही. यात मी एक अख्खा रविवार घालवलाय. एओआरचं नावही त्याच्या फोनमध्ये टाकलेल्या नंबरासारखंच हवं, म्हणजे नंबर १०३ तर नावही १०३.

आता त्याच्यासाठी राउटरवर ५०६० हा सिपचा पोर्ट बाहेरच्यांना उघडू का, हा तुमचा प्रश्न. नको. अजिबात नको. मी सुरुवातीला उघडला होता. १०१ नंबरचा पासवर्डही १०१. सकाळी लॉग बघितला तर कुठल्या कुठल्या देशांतून रात्रभर दारं ठोठावलेली, आणि एकजण आतही आलेला. बाहेरची लाइन जोडलेली नव्हती म्हणून वाचलो, नाहीतर परदेशी कॉलचं बिल माझ्या नावावर आलं असतं. भावाला वायरगार्डचा आणखी एक पीअर (जोडलेला गडी) करा, त्याच्या मोबाइलच्या 'अलाउड आयपीज'मध्ये फक्त तुमचा १०. चा पट्टा घाला म्हणजे त्याचं बाकीचं इंटरनेट त्याच्याच कनेक्शनवरून चालेल, आणि 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह', म्हणजे वाट उघडी ठेवणारा ठोका, २५ सेकंद. वर लिनफोन हे फोनचं ॲप, झालं. उद्या कनेक्शन बदललंत आणि राउटरच्या वॅन (बाहेरच्या) पत्त्यात १००.६४ ते १००.१२७ मधलं काही दिसलं तर समजा की तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे कंपनीनं अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलाय. मग घराला बाहेरून गाठता येत नाही. स्थिर पत्ता विकत घ्या, नाहीतर एक छोटा व्हीपीएस (इंटरनेटवरचा सर्व्हर) भाड्यानं घेऊन वायरगार्डचं ठाणं तिथं हलवा.

दुकानाचं सिम गेटवेत (सर्व्हरला मोबाइल नेटवर्कशी जोडणाऱ्या डब्यात) घालून भावाचे इंटरनेटवरून येणारे कॉल बाहेर सोडायचा विचार डोक्यातून काढा. परवाना नसताना असं करणं गुन्हा आहे, सिमबॉक्सवाल्यांना पोलीस पकडतात ते याचसाठी. आपला सर्व्हर म्हणजे लांब पसरलेला इंटरकॉम, एवढंच. ११२ सुद्धा मोबाइलवरूनच लावायचा, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बजावून ठेवा.

दुकानाच्या नंबरावर फोन करणाऱ्याला मराठी आणि कन्नड दोन्हींत रेकॉर्ड केलेल्या सूचना ऐकू याव्यात, हे मात्र मला फार आवडलं, आणि ते सोपं आहे. आवाजाच्या फोल्डरात 'एमआर' आणि 'केएन' अशी दोन पोटफोल्डरं, दोन्हींत फाइलींची नावं तीच. एक दाबलं की चॅनलची, म्हणजे त्या कॉलची, भाषा 'एमआर', दोन दाबलं की 'केएन'. पुढचा डायलप्लॅन (कॉलचं पुढं काय करायचं ती यादी) एकच राहतो. फाइली ८००० हर्ट्झ, मोनो, १६ बिट वेव्ह कराव्या लागतात, सॉक्स नावाचं सॉफ्टवेअर हे काम एका ओळीत करतं. आमच्याकडं मराठी आईनं बोलली आणि कन्नड शेजारच्या अक्कांनी. मात्र सर्व्हरला आकडे बोलायला लावू नका. इंग्रजीत वीस आणि पाच जोडून भागतं, मराठीत पंचवीस वेगळं, पस्तीस वेगळं. शंभरापर्यंत एकेक आकडा रेकॉर्ड करत बसावं लागतं. मी सदतीसवर कंटाळलो.

लॅपटॉपची बॅटरी काढू नका, वीज गेली की तोच यूपीएस. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. आणि घरापासून गोठ्यापर्यंत तांब्याची नेटवर्क केबल ओढणार असाल तर थांबा. वळवाच्या पहिल्याच कडकडाटात माझा राउटर आणि लॅपटॉपचं पोर्ट दोन्ही गेले, केबल उघड्यावरून नेली होती. तिथं फायबर आणि दोन टोकांना फायबर नेटवर्क केबलला जोडणारे दोन मीडिया कन्व्हर्टर घाला, नाहीतर वायफायवर भागवा.