एच-१बीवर डॅलसला जाताना: दुकानातून रायफल घ्यायची तर

तुमचा प्रश्न असा: एच-१बीवर (नोकरीच्या व्हिसावर) डॅलसला यायचं ठरलंय, बायको एच-४वर (जोडीदाराच्या व्हिसावर) सोबत असेल. निफाडच्या मळ्यात परवान्याची बारा बोअर बंदूक आहे, नेमबाजीची आवड आहे. टेक्सासात दुकानातून रायफल घ्यायला कोणते कागद लागतात आणि नाशिकसारखी पोलीस पडताळणी होते का?

तशी होत नाही. नाशिकला आधी परवाना, मग बंदूक. ए-१ फॉर्म, शहरात असाल तर पोलीस आयुक्तालय, निफाड-दिंडोरीकडे असाल तर जिल्हाधिकारी कार्यालय, मग पोलीस ठाण्याचा अहवाल. टेक्सासात असा परवानाच नाही, त्यामुळे घरी शिपाई येत नाही आणि शेजाऱ्यांना कोणी विचारत नाही. पासपोर्ट ऑफिसातून मिळणारं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही इथे कामाचं नाही. दुकानातच ४४७३ नावाचा फॉर्म भरायचा, डीलर तो एफबीआयच्या एनआयसीएस या पार्श्वभूमी तपासणाऱ्या यंत्रणेकडून तपासून घेतो. ही यंत्रणा नोव्हेंबर १९९८ पासून चालू आहे. बऱ्याच जणांचं उत्तर काही मिनिटांत येतं.

हे इतकं सोपं दिसतं म्हणूनच आपली माणसं फसतात. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ या व्हिसांवरचे सगळे कायद्याच्या भाषेत नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरते आलेले. अशा माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच बंदी आहे. नीट वाचा: बंदी नुसती विकत घेण्याला नाही, जवळ ठेवण्याला आहे. म्हणून मित्राची बंदूक हातात घेणं, नेमबाजीच्या रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेणं, खासगी विक्रेत्याकडून घेणं, सगळं त्यात आलं. ‘रेंजवर कोणी विचारत नाही’ असं सांगणारे भेटतील. विचारलं नाही म्हणजे चालतं असं नव्हे. आय-१४० (कंपनीचा ग्रीन कार्डसाठीचा अर्ज) मंजूर झाला, वर्क परमिटचं कार्ड हातात आलं, तरी ग्रीन कार्ड मिळेपर्यंत तुम्ही याच रांगेत.

या बंदीला काही अपवाद आहेत, त्यातला तुमच्या उपयोगाचा एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. शिकारीला गेलंच पाहिजे असं नाही, पण परवाना खरा आणि चालू हवा. टेक्सासात २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना त्यासाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, तो ऑनलाइन होतो. सलग सहा महिने राज्यात राहिल्याशिवाय रहिवाशाचा स्वस्त परवाना मिळत नाही. बाहेरच्यांसाठीचा कितीतरी महाग आहे, त्यामुळे घाई नसेल तर थांबा.

आता खरी मेख. टेक्सासचा वार्षिक परवाना कधीही काढा, तो ३१ ऑगस्टलाच संपतो. जूनमध्ये काढला तर फार तर तीन महिने मिळतात. १ सप्टेंबरच्या सकाळी नवा परवाना नसेल आणि रायफल कपाटात असेल, तर त्या क्षणापासून तुम्ही गुन्ह्यात. नवीन वर्षाचे परवाने ऑगस्टमध्येच विक्रीला येतात, तेव्हाच घेऊन टाका. बायकोचा परवाना वेगळा हवा. तुमचा असला म्हणून तिला चालत नाही, आणि तिच्याकडे परवाना नसेल तर कपाटाची किल्ली तिच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.

कागद असे: टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स, शिकारीचा परवाना, आय-९४ची (देशात शिरल्याच्या नोंदीची) प्रत. तात्पुरत्या व्हिसावाल्यांच्या लायसन्सवर ‘लिमिटेड टर्म’ असं छापलेलं असतं, त्याने अडत नाही. अडतं ते पत्त्याने. लायसन्सवर जुन्या अपार्टमेंटचा पत्ता असेल तर नवा पत्ता दाखवणारा दुसरा सरकारी कागद लागतो, उदाहरणार्थ गाडीचं रजिस्ट्रेशन. भाडेकरार किंवा खासगी कंपनीचं वीजबिल चालत नाही. पोस्ट बॉक्सचा नंबर पत्ता म्हणून चालत नाही. आय-९४चा अकरा अक्षरी नंबर दर वेळी देशात शिरताना बदलतो, म्हणून दिवाळीला नाशिकला जाऊन आलात तर नवा काढा. राहण्याची मुदत इथेच वाढवून घेतली असेल तर आय-७९७च्या (मंजुरीच्या पत्राच्या) तळाशी आलेला नंबर पाहा.

फॉर्म भरताना आपल्या लोकांच्या चुका ठरलेल्या. तारीख महिना-दिवस-वर्ष अशी. ७ मार्चचा जन्म असेल तर ०३/०७. आपल्या सवयीने ०७/०३ लिहिलं की ३ जुलै झाली आणि लायसन्सशी जुळेना. उंची फूट-इंचात, वजन पौंडात. जन्मस्थान अमेरिकेबाहेरचं असेल तर फक्त देश लिहायचा, नाशिक लिहायची गरज नाही. वंश आणि ‘हिस्पॅनिक आहात का’ हे दोन वेगळे रकाने, दोन्ही भरायचे. सोशल सिक्युरिटी नंबर ऐच्छिक आहे, पण द्या. एकाच नावाचे दोघे असले की त्यानेच गोंधळ सुटतो.

नावाचं तर विचारूच नका. पासपोर्टवर ‘स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव’ मिळून गिव्हन नेम, लायसन्सवर वडिलांचं नाव मिडल नेम, कुठे तेच नुसत्या आद्याक्षरावर आलेलं. बायकोचं लग्नाआधीचं नाव आणखी तिसरीकडे. फॉर्मवर पूर्ण कायदेशीर नाव लिहा. मधलं नाव नसेल तर एनएमएन (नो मिडल नेम), नुसतं आद्याक्षरच असेल तर त्यापुढे आयओ (इनिशियल ओन्ली) लिहायचं. चुकलं तर गिरवू नका: एक रेघ मारा, बाजूला सही-तारीख करा.

आधी वापरलेली सगळी नावं कुठल्या कागदावर कशी आहेत, ते एका चिठ्ठीवर लिहून घेऊन जा.

परदेशी नागरिकाची चौकशी इमिग्रेशन खात्याच्या नोंदींतही होते, त्यामुळे ‘डिलेड’ असं उत्तर येणं नेहमीचं आहे. तो नकार नव्हे. तीन कामकाजाच्या दिवसांत पुढचं उत्तर आलं नाही तर केंद्रीय कायद्यानुसार डीलर माल देऊ शकतो, पण देणं त्याच्या मर्जीवर आहे. तपासणी ३० दिवसच धरली जाते. ‘डिनाइड’ आलं तर डीलरशी हुज्जत घालू नका, व्यवहाराचा नंबर घ्या आणि एफबीआयकडे अपील करा.

फॉर्मवर ‘खरा खरेदीदार तुम्हीच ना?’ असा प्रश्न असतो. ग्रीन कार्डवाल्या मित्राला पैसे देऊन त्याच्या नावावर रायफल घ्यायची हा सल्ला कोणी देईल, तर त्या माणसाकडे पुन्हा जाऊ नका. २०२२ च्या कायद्याने अशा खरेदीला १५ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलं की देशाबाहेर काढतात ते वेगळंच. गांजाचा प्रश्नही तसाच: राज्यात चालत असला तरी फॉर्मवर स्पष्ट लिहिलंय की केंद्रीय कायद्याने तो बेकायदाच.

नोकरी न्यू जर्सीला वळली तर हे सगळं नव्याने शिकावं लागेल. तिथे खरेदीदाराचं ओळखपत्र, बोटांचे ठसे आणि प्रत्येक पिस्तुलाला वेगळा परवाना.

मळ्यातली बारा बोअर इकडे आणायचा विचार सोडून द्या. परवाना वडिलांच्या नावावर असेल तर ती तिथेच राहू दे. तुमच्या नावावर असेल तर निघण्याआधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. पावतीवर बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या आणि नूतनीकरणाची तारीख घरच्यांना सांगून ठेवा. इथे रेंजवर नेलेली बॅग घेऊन मात्र नाशिकला कधी येऊ नका. अस्तराच्या फटीत राहिलेलं एक जिवंत काडतूस मुंबई विमानतळावर सापडलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, ते अमेरिकेत कायदेशीर घेतलेलं असलं तरी.