काळ्या दगडातले पांढरे ठिपके आणि ओट्याचा ‘ग्रॅनाइट’

घणसोलीच्या डोंगरावर मुलाला सापडलेल्या काळ्या दगडात पांढरे ठिपके आहेत, तर हा आमच्या ओट्यासारखा ग्रॅनाइट का, असं तुम्ही विचारलंय. नाही, हा बेसाल्ट, म्हणजे आपला काळा कातळ. तिथल्या पारसिकच्या डोंगररांगेत सगळीकडे हाच. अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिरही ह्याच दगडातलं.

साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळला आणि थरावर थर चढत गेले. उघड्यावर तो लवकर निवतो, स्फटिकांना वाढायला सवडच मिळत नाही, म्हणून बेसाल्टचा दाणा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ग्रॅनाइटचा शिलारस (वितळलेला दगड) जमिनीत खोलवर फार सावकाश थंड होतो. त्यात क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक ही खनिजं वेगवेगळी दिसतात.

आता ठिपके. घावनाला जाळी पडते ना, तसंच. लाव्ह्यातला वायू वर यायला बघतो, तोवर वरचा भाग घट्ट होतो आणि बुडबुडे आत अडकतात. पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपतं आणि झिओलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्झ अशी खनिजं साचतात. म्हणजे ठिपके दगडाच्या नंतरचे! सुरीच्या टोकाने ओरखडून बघा. क्वार्ट्झवर चरा उठत नाही. कॅल्साइटवर सहज उठतो, आणि त्यावर व्हिनेगर टाकलं की बारीक बुडबुडे येतात (भिंगातून बघा, मुलाला मजा वाटेल).

ओट्याची गंमत वेगळीच. दुकानात ज्याला ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणतात तो बऱ्याचदा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. घटक जवळजवळ बेसाल्टचेच, फक्त जमिनीखाली सावकाश निवलेला, म्हणून दाणा मोठा. तेव्हा ओटा ग्रॅनाइटचा नसेलही, पण मुलाच्या दगडाचा चुलतभाऊ असू शकतो. इमारत जुनी असेल तर मात्र आधी कडाप्पा नाही ना ते बघा. तो चुनखडक, समुद्रतळाच्या गाळाचा. ओट्याखालच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब पाच मिनिटं ठेवा. पॉलिश मेलं तर कडाप्पा.

हे मी ठेच खाऊन शिकलोय. ठाण्यातल्या घरी हौसेने पांढऱ्या संगमरवराचा ओटा केला. दुकानदार म्हणाला, ‘काही होत नाही साहेब.’ पहिल्याच महिन्यात सोलकढीच्या पातेल्याचं गोल कडं उमटलं, ते अजून आहे. संगमरवर म्हणजे उष्णता आणि दाबाने रूपांतरित झालेला चुनखडकच. स्फटिक नवे, पण घटक तोच कॅल्शियम कार्बोनेट, आणि आंबट पदार्थ तो खातात.

माथेरानचा तांबडा जांभा पाहिला असेल, तोही मूळचा बेसाल्टच. पावसापाण्याने कुजून त्यात लोह-ॲल्युमिनियम तेवढं उरलं.

दगड धुऊन, शेजारी नाणं ठेवून उन्हात फोटो टाका. ठिपक्यांत सुयांसारखे झुबके दिसले तर झिओलाइट असेल, मग ओरखडू नका.