मातान्सासचे ढोल आणि लॉस एंजेलिसचा वर्ग

प्रश्न : मी तबला शिकतो. फ्रान्सिस्को आगुआबेला या क्यूबन तालवादकाने निम्मे आयुष्य अमेरिकेत वादन आणि अध्यापन करण्यात घालवले, असे वाचनात आले. क्यूबातील आफ्रिकी वंशाच्या समाजाचे ढोलवादन मुळात धार्मिक विधींशी बांधलेले आहे. मग परक्या देशात त्यांनी नेमके काय वाजवले आणि काय शिकवले? — एक वाचक, सांगली

उत्तर : वाजवले एक आणि शिकवले बरेचसे दुसरे, आणि माझ्या मते त्यांच्या कामाचे मोठेपण या दुसऱ्या भागात आहे.

आगुआबेला यांचा जन्म १९२५ सालचा, क्यूबाच्या उत्तर किनाऱ्यावरील मातान्सास या बंदराच्या गावचा. एकोणिसाव्या शतकात या परिसरातील उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांमध्ये योरुबा लोकांचा भरणा मोठा होता. गुलामगिरी १८८६ मध्ये संपली, पण त्या लोकांची दैवते, गाणी आणि ढोल गावात टिकून राहिले, आणि त्याच वातावरणात आगुआबेला यांचा हात तयार झाला. विख्यात कृष्णवर्णीय अमेरिकन नर्तकी आणि मानववंश-अभ्यासक कॅथरीन डनहॅम यांनी पुढे त्यांना आपल्या नृत्यसंचात घेतले. त्या संचाबरोबर परदेश पाहिल्यावर १९५७ मध्ये ते अमेरिकेत आले आणि पुढे कॅलिफोर्नियात स्थिरावले. डिझी गिलेस्पी, टिटो प्वेंते, मोंगो सांतामारिया, पेगी ली अशा नामवंतांबरोबर त्यांनी वाजवले. या मैफलींत त्यांच्यापुढे असत ते कोंगा, म्हणजे उभे, एका तोंडाचे, तळहातांनी वाजवायचे ढोल. असा वादक साथीचा ठेका सांभाळतो, आणि संधी मिळाली की चार-दोन आवर्तने एकट्याने रंगवतो.

विधींचा ढोल निराळा, त्याचे नाव बाता. हे ढोल तीन असतात : मोठा इया, मधला इतोतेले आणि लहान ओकोंकोलो. तिन्ही दोन तोंडांचे, मधे बारीक होत गेलेले, आणि वादक बसून ते मांडीवर आडवे घेतो. इयाच्या मोठ्या तोंडाचा घुमारा आटोक्यात राहावा आणि स्वर खाली उतरावा म्हणून त्यावर फार्देला नावाचा चिकट लेप देतात. आपला पखवाजी डाव्या पुडीला कणीक लावतो, तेच काम हा लेप करतो. ओकोंकोलो जवळजवळ न बदलणारी छोटी आकृती धरून ठेवतो, इतोतेले बोलावण्याला उत्तर देतो, आणि इया बोलावतो, वळण बदलतो, नव्या तालाची हाक देतो. एकट्या वादकाचा भाग ऐकून ताल कळतच नाही, कारण चाल तिघांच्या आघातांमधून मिळून उभी राहते. विधीच्या आरंभी गाण्याशिवाय केवळ ढोलांवर एकेका दैवताला क्रमाने वंदन केले जाते, त्यातले पहिले वंदन एलेग्वाचे. हा सगळा क्रम तोंडपाठ असावा लागतो, आणि शिकणारा सहसा ओकोंकोलोपासून सुरुवात करून बऱ्याच वर्षांनी इयापर्यंत पोहोचतो.

अभिमंत्रित बाता ढोलांमध्ये आन्या या शक्तीचा वास मानला जातो, त्यामुळे ते वाजवण्याचा अधिकार दीक्षा घेतलेल्या पुरुषांपुरता ठेवण्याची परंपरा आहे. वर्गात किंवा रंगमंचावर मात्र संस्कार न केलेले ढोल वापरता येतात, आणि परदेशातील अध्यापनाला वाट मिळाली ती याच सोयीमुळे. ही तडजोड मला उणी वाटत नाही, कारण दीक्षेची मर्यादा त्यात पाळली जाते आणि तालाचे शास्त्रही दडवले जात नाही.

काळाचाही विचार करायला हवा. जानेवारी १९६१ मध्ये अमेरिका आणि क्यूबा यांचे राजनैतिक संबंध तुटले आणि पुढच्याच वर्षी व्यापारबंदी आली, त्यामुळे अमेरिकेतल्या विद्यार्थ्याला मातान्सासला जाऊन शिकणे फार अवघड झाले. १९८० नंतर ओर्लांदो ‘पुंतिया’ रिओस यांच्यासारखे वादक न्यूयॉर्कला आले, पण त्याआधी बाता जाणणारी माणसे अमेरिकेत मोजकीच होती. आगुआबेला त्यांपैकी एक, हुलितो कोयासो दुसरे. आगुआबेला यांनी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवले, आणि जे एरवी घराण्यात किंवा विधीत बसूनच उचलावे लागते, ते विद्यापीठाच्या वर्गात बाहेरच्या मुलामुलींसमोर मांडले. १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कलानिधीने त्यांना ‘नॅशनल हेरिटेज फेलोशिप’ दिली. तबल्याच्या विद्यार्थ्याला हेही आवडेल, की मुंबईचे उस्ताद झाकीर हुसेन यांना हाच सन्मान १९९९ मध्ये मिळाला. आगुआबेला २०१० मध्ये लॉस एंजेलिस येथे निवर्तले.

प्रश्न : त्यांचे वादन ऐकायचे तर कोठून सुरुवात करावी? — एक वाचक, पुणे

उत्तर : मोंगो सांतामारिया यांच्या १९५९च्या सुमाराच्या ‘यांबू’ आणि ‘मोंगो’ या ध्वनिमुद्रिकांपासून. दोन्हींत आगुआबेला आहेत, आणि भोवताली इतरही उत्तम क्यूबन ढोलवादक असल्याने कोण काय वाजवतो हे पहिल्या फेरीत उमगणार नाही. त्यासाठी आधी फक्त क्लावे पकडावी, म्हणजे दोन काठ्यांवर वाजणारी पाच ठोक्यांची आकृती, जिच्यात एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन ठोके येतात. ती हाताने देता येऊ लागली की मग खालच्या स्वराचा ढोल ऐकावा आणि सर्वांत शेवटी वरचा, मोकळेपणाने बोलणारा. लेस ब्लँक यांनी आगुआबेला यांच्यावर १९९५ मध्ये केलेला ‘स्वॉर्न टू द ड्रम’ हा माहितीपट मिळाला तर तो अवश्य पाहावा, कारण त्यात त्यांचे हात दिसतात, आणि तबला शिकणाऱ्याला हात पाहिल्याशिवाय बरेचसे कळत नाही.